शेवटचा चेंडू कुणाच्या हातात

गॉदेन्स्यो पाल्मारेस जेवायला बसला की आधी शेवटच्या घासाचा विचार करतो. ताटात लसणावर परतलेला भात असतो, सुकी मासळी असते, व्हिनेगरमधली मिरची असते. या तिघांतलं कोण, किती आणि कुठल्या क्रमानं संपवलं म्हणजे शेवटी मासळीचा कुरकुरीत भाग आणि बेताचा भात उरेल, याचा हिशेब डोक्यात जुळेपर्यंत तो ताटाला हात लावत नाही. तोवर मांजर येऊन मासळी घेऊन जातं. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं, "हिचा स्वीकार करतोस?" तेव्हा हा इतका वेळ गप्प राहिला, की सासूबाई मटकन बाकावर बसल्या. नाही म्हणायचा त्याचा विचार मुळीच नव्हता. हो नेमकं कुठल्या क्षणी म्हणावं, एवढंच तो ठरवत होता.

असा माणूस लंगावान गावात नदीकाठच्या आळीच्या बास्केटबॉल संघाचा कोच आहे. पोटासाठी तो शिंपी आहे. पण शिंपी म्हणून त्याला कोणी हाक मारत नाही. अकरा वर्षांची पोरगी असो की काठी टेकत येणारा म्हातारा, सगळे त्याला 'कोच' म्हणतात, नाहीतर 'नोंग देन्स्यो', म्हणजे देन्स्योदादा. विजारीची उंची चुकली तर माणसं हसून सोडून देतात. शेवटच्या मिनिटाची चाल चुकली तर वर्षभर दुकानात येऊन आठवण करून देतात, आणि तीही विजार शिवायला न टाकता.

लंगावानला मे महिन्यात गावच्या संताचा सण येतो आणि सणाच्या आदल्या दुपारी लीगचा अंतिम सामना होतो. संघ बरेच असतात, पण अंतिम सामना बहुधा नदीकाठची आळी आणि चॅपलची आळी यांच्यातच. मैदान एकच, सिमेंटचं. नेमक्या त्याच दिवसांत कापणी झालेली असते, त्यामुळे मैदानावर भात वाळत घातलेला असतो. सराव कडेच्या मोकळ्या पट्टीत चालतो. एकदा देन्स्योनं वाळत्या भातातच पायानं रेघा ओढून पोरांना चाल समजावली. इकडून हा धावेल, तिकडून तो आडोसा करील. पोरं मन लावून बघत असताना भाताची मालकीणबाई दाताळं घेऊन आली आणि सगळी चाल उलटीपालटी करून गेली. उरलीसुरली चाल कोंबड्यांनी टिपली.

सामन्याच्या वेळी देन्स्योच्या गळ्यात मापाची टेप असते. घाबरला की तो ती चावतो. लीगच्या मोसमात टेपेचं सुरुवातीचं टोक हळूहळू नाहीसं होत जातं, आणि त्या मोसमात शिवलेल्या विजारी कमरेत सैल येतात. सणाच्या मिरवणुकीत निम्मे पुरुष एका हातानं मेणबत्ती आणि दुसऱ्या हातानं विजार धरून चालतात, त्याचं कारण भक्ती नव्हे.

बाकी खेळात त्याचं काही बिघडत नाही. संघ चांगला आहे, पोरं ऐकतात. बिघडतं ते शेवटच्या चेंडूला. त्याचा या विषयाचा अभ्यास मोठा आहे. एका गुणानं मागे असलो तर लांबून फेकायचं नाही, रिंगकडे घुसायचं, कारण घुसलं की बास्केट तरी होते नाहीतर फाउल तरी मिळतो. बरोबरीत असलो तर चेंडू धरून ठेवायचा, अगदी शेवटी फेकायचा, म्हणजे चुकला तरी समोरच्याला वेळ उरत नाही. समोरच्यांनी सगळे टाइमआउट वापरले असतील तर एक, शिल्लक असतील तर दुसरं. ही सगळी शहाणपणं त्याला कापड कापताना सुचतात, इस्त्री करताना पक्की होतात आणि शेवटच्या दहा सेकंदांत एकमेकांच्या अंगावर पडतात. चालींना त्यानं फळांची नावं दिली होती, कारण आकडे दिले की संघातला टेर्यो गोंधळायचा. आंबा म्हणजे सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि संघातल्या हुकमी गड्यानं, जोविटनं, एकट्यानं घुसायचं. फणस म्हणजे आडदांड गड्यानं आडोसा करायचा. पपई म्हणजे कोपऱ्यातून लांबची फेक.

आणि दरवर्षी काय व्हायचं? देन्स्यो आंबा म्हणाला की चॅपलवाल्यांचे दोन गडी आधीच जोविटच्या वाटेवर उभे. फणस म्हणाला की आडोशाला वळसा घालून गडी हजर. जणू चॅपलवाल्यांच्या घरीही हीच फळं पिकत होती.

त्यात आश्चर्य काही नव्हतं. चॅपलच्या आळीचा कोच सांतो हा देन्स्योचा साडू. देन्स्योची बायको फेली आणि सांतोची बायको सालुद या सख्ख्या बहिणी. फेलीचं घरालाच लागून दुकान आहे. साबण, काडेपेटी, तेल, सुटी सिगारेट, बर्फातलं पेय. सालुद रोज सकाळी व्हिनेगर घ्यायला येते. एका माणसाला जन्मभर पुरेल एवढं व्हिनेगर ती महिन्याला नेते. घेणं एका मिनिटाचं, बोलणं तासाचं. देन्स्यो शिलाई मशीनवरून बघत राहायचा. दोघींची डोकी जवळ आली की त्याच्या सुईला गाठ पडायची. बायकोला बोलावं तर भांडण, न बोलावं तर पराभव. या दोहोंतलं काय बरं, याचा विचार करता करता दरवर्षी पराभव व्हायचा.

यंदा मात्र पाणी गळ्याशी आलं. गावाचा कारभारी, कपितान मोलिना, स्वतः दुकानात आला. बसला, पेय प्यायला, मग म्हणाला, "कोच, यंदाही शेवटच्या चेंडूवर हरलात तर पुढच्या वर्षी मी तालुक्याचे कसरत-मास्तर आणतो. शिट्टी आहे त्यांच्याकडे. बूट आहेत."

"बूट माझ्याकडेही आहेत, कपितान."

"त्यांचे दोन्ही एकाच जोडीचे आहेत."

कपितान गेला. देन्स्यो मशीनवर तसाच बसून राहिला. मास्तर आले म्हणजे आपण काय? शिंपी. एवढंच. पोरं दारावरून जाताना 'कोच' म्हणणार नाहीत, 'अहो, बटण लावून द्या' म्हणतील. 

त्याच संध्याकाळी, कपितानच्या पुतण्याच्या म्हणजे जोविटच्या जर्सीवर नाव शिवताना, त्याला ती कल्पना सुचली. गळतीच थांबवता येत नसेल तर गळू द्यावं. फक्त खोटं गळू द्यावं.

खोटी चालही अशी हवी, की सांतोला खरी वाटावी. देन्स्योनं विचार केला. चेंडू रेषेबाहेरून आत द्यायचं काम नेहमी टेर्योकडे असतं. टेर्यो म्हणजे चॅपलमध्ये घंटा वाजवणारा, पाद्रीबाबांचा मदतनीस. भला माणूस, पण इतका सभ्य, की मैदानात स्वतः कधी फेकतच नाही. हातात चेंडू आला की कुणाला देऊ म्हणून बघत राहतो. त्याच्याकडे कोणी लक्षही देत नाही. तेव्हा खोटी चाल अशी: टेर्यो चेंडू आत देतो, सगळे जोविटवर तुटून पडतात, टेर्यो हळूच रेषेवरून आत येतो, चेंडू त्यालाच परत मिळतो, आणि रिंगखाली तो एकटा. नाव चिकू. हे सांतोच्या कानावर गेलं की तो आपला सगळ्यात उंच गडी, बोटीवरून सुट्टीवर आलेला रोल्डान, टेर्योवर लावील. मग जोविटसमोर एकच पोरगं उरेल, आणि खरी चाल, आंबा, बिनघोर चालेल.

आखणी सुंदर होती. एकच अडचण होती. बायकोशी खोटं बोलायचं होतं.

सकाळी न्याहारीला त्यानं घसा खाकरला. "फेली, तुला एक सांगतो. पण कुणाला बोलायचं नाही."

"मग सांगू नकोस," फेली म्हणाली आणि भात वाढला.

हे त्याच्या आखणीत नव्हतं. "अगं, ऐक तरी!"

"तूच म्हणतोस बोलायचं नाही. मला कशाला ओझं?"

"तू माझी बायको आहेस."

"हे आज आठवलं? गेला महिनाभर माझ्याशी बोलायचं म्हणजे मीठ दे आणि दार लाव, एवढंच." पण ती बसली. हनुवटीला हात लावून म्हणाली, "बरं, सांग."

देन्स्योनं सांगितलं. चिकू, टेर्यो, रिंगखाली. सांगताना त्याचे कान गरम झाले, म्हणून तो व्हिनेगरच्या वाटीत बघून बोलला. फेलीनं सगळं ऐकून घेतलं. "टेर्यो?" ती म्हणाली.

"टेर्यो."

"आपला टेर्यो?"

"गावात दुसरा कुठला आहे?"

ती उठली. ताटं उचलून आत गेली. मांजरानं मासळी नेली होती, ते देन्स्योच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे दिवस त्यानं काढले ते मशीनवर बसून दुकानाकडे कान लावण्यात. सालुद आली, व्हिनेगर घेतलं, डोकी जवळ आली. बोलणं ऐकू येईना. सालुद हसली. का हसली? टेर्योचं नाव ऐकून? की शेजारणीच्या सुनेवर? दुपारी जोविट पेय प्यायला आला आणि फेलीशी बराच वेळ बोलत बसला. पोरगं आहे, बढाया मारत असेल, म्हणून देन्स्योनं तिकडे लक्ष दिलं नाही. त्याचं सगळं लक्ष बहिणींवर होतं. रोज सालुद येऊन जाई आणि रोज देन्स्योला दोन भीती वाटत. एक, फेलीनं सांगितलं नसेल तर? दुसरी, सांगितलं असेल तर? पहिलीत सामना जात होता. दुसरीत आपण बायकोच्या तोंडाचा पोस्टमन केला, हे मनात राहत होतं.

मग सांतो जर्सीचं माप द्यायला आला. गावातल्या सगळ्या संघांच्या जर्सी देन्स्योच शिवतो, साडूच्या संघाच्याही.

"साडूभाऊ, काखेत जरा सैल ठेवा हं," हात वर करून सांतो म्हणाला. "गेल्या वर्षी आमच्या पोरांचे हात वर जात नव्हते."

"तरी जिंकलात ना?"

"तेच म्हणतो. हात वर न जाता जिंकलो. वर गेले असते तर तुमचं काय झालं असतं, याचा विचार करा."

"छाती मोजतोय, फुगवू नका."

"फुगवत नाही, आहेच तेवढी." सांतोनं श्वास सोडला आणि मग सहज म्हणाला, "बाकी, टेर्यो कसा आहे?"

देन्स्योच्या हातातली टेप घसरली. "टेर्यो? कुठला टेर्यो?"

"घंटावाला. सासूबाईंच्या नावानं प्रार्थना लावायची आहे, त्याला सांगायचं राहतंय. भेटला तर निरोप द्या."

"देतो," देन्स्यो म्हणाला. प्रार्थनेचं निमित्त! केवढा लबाड साडू! चाचपून बघतोय. म्हणजे चिकू पोचला. त्या आनंदात त्यानं सांतोची छाती चार बोटं जास्त लिहून घेतली.

त्या रात्री तो जेवला चांगला, पण सकाळी वेगळाच विचार आला. पोचलं असेल तर फेलीनं सांगितलं. म्हणजे आपण तिला जसं समजत होतो तशीच ती निघाली. याचं वाईट वाटलं. मग वाईट का वाटतंय, आपल्याला हवं होतं तेच झालं ना, याचा राग आला. राग कुणावर काढावा हे ठरेना, म्हणून त्यानं टेप चावली.

सामन्याच्या दिवशी दुपारी बायका-पुरुषांनी मिळून मैदानावरचा भात पोत्यांत भरला, झाडू मारला, तरी बुटांखाली दाणे करकरत होतेच. ऊन असं, की रिंगला हात लावला तर फोड यावा. आळ्यांनुसार दोन बाजूंना लोक बसले. फक्त फेली आणि सालुद मध्येच, एका छत्रीखाली, एका बाकावर. त्या बाकाला आळी नाही.

खेळ चांगला झाला. सांगण्यासारखा होता, पण देन्स्योला तो आठवत नाही. त्याला फक्त शेवट आठवतो. घड्याळ शाळेच्या बाईंच्या हातात, सेकंद सात-आठ उरलेले, नदीकाठची आळी एका गुणानं मागे, चेंडू आपला, रिंगच्या बाजूच्या रेषेबाहेर टेर्यो तो घेऊन उभा. आणि देन्स्योकडे एक टाइमआउट शिल्लक.

"आंबा!" तो ओरडला.

पोरं पांगली. देन्स्योनं टेप दातांत धरली आणि रोल्डानकडे बघितलं. आता तो टेर्योकडे वळेल. आता.

रोल्डान जोविटसमोर उभा राहिला. दोन्ही हात पसरून, बोटीच्या डोलकाठीसारखा. टेर्योच्या अंगावर जो पोरगा होता, तोही टेर्योला सोडून जोविटकडे सरकला. टेर्योसमोर कोणीच नव्हतं. एक चिटपाखरू नाही.

"टाइमआउट!" देन्स्यो किंचाळला. टेपेचा तुकडा तोंडातून बाहेर उडाला.

पोरं धापा टाकत आली. देन्स्यो त्यांच्याकडे न बघता छत्रीकडे बघत होता. चिकू पोचलाच नव्हता. मग प्रार्थना खरीच होती की काय? फेलीनं काहीच सांगितलं नव्हतं? छत्रीखाली फेली बसली होती. तोंडावर रुमाल घट्ट दाबून. त्याच्याकडे बघत होती, आणि डोळे भरलेले होते.

देन्स्योला गलबलून आलं. एवढ्या वर्षांत या बाईनं पहिल्यांदा आपलं गुपित पोटात ठेवलं. सख्ख्या बहिणीपासून लपवलं, रोज व्हिनेगर देताना ओठ मिटून बसली. आणि ते गुपित होतं खोटं! मैदानाच्या मध्ये, सगळ्या गावासमोर, त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"नोंग देन्स्यो, आंबाच ना?" जोविटनं विचारलं.

आंबा म्हणजे दोघांच्या मध्ये सापडून चेंडू जाणार. फणसाला रोल्डान वळसा घालील. पपई लांबची, एका गुणासाठी कशाला? मागच्या बाकावरून कपितानची नजर मानेला टोचत होती. त्याचा पुतण्या सोडून दुसऱ्याला चेंडू दिला आणि हरलो, तर मास्तर उद्याच येतील, दोन्ही बुटांसह. देन्स्योला कुणीतरी गिरणीत घालून दळतंय असं वाटत होतं. त्यानं पुन्हा एकदा रुमालाकडे बघितलं.

"चिकू," तो म्हणाला.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. "चिकू काय?" आडदांड गड्यानं विचारलं.

"चाल आहे."

"कधी शिकवली?"

"आता." त्यानं उरलेली टेप सिमेंटवर फिरवून वाटा दाखवल्या. "टेर्यो, तू जोविटला देणार. जोविट, तुझ्यावर दोघं येतील. येऊ दे. टेर्यो, तू आत चालत यायचं, रिंगखाली. जोविट, तू परत टेर्योला द्यायचं."

"मी द्यायचं?" जोविट म्हणाला. मूत्रपिंड मागितल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "टेर्योला?"

"मला नको," टेर्यो घाईनं म्हणाला. "नोंग, खरंच नको. दुसऱ्या कुणाला असू दे. मी बाहेरच बरा आहे."

"टेर्यो, देवाची शपथ, फक्त चालत आत ये. बाकी मी बघतो." बाकी तो काय बघणार होता, ते त्यालाही माहीत नव्हतं.

शिट्टी झाली. पोरं गेली. देन्स्यो रेषेवर ओरडला, "चिकू!" आणि त्याचा आवाज बोकडासारखा फाटला.

छत्री हलली. रुमाल खाली आला. "अगं बाई," फेली म्हणाली, "ते खरं होतं?"

टेर्योनं चेंडू जोविटला दिला. रोल्डान आणि दुसरा पोरगा त्याच्यावर कोसळले. आणि टेर्यो, देव त्याचं भलं करो, रेषेबाहेर हात जोडून उभा राहिला. प्रार्थनेत उभा राहतो तसा. आत येण्याचं नावच घेईना. जोविटला तो दिसतच नव्हता, दिसत होती ती फक्त रोल्डानची काख. देन्स्योनं डोळे मिटले.

"टेर्यो!" एक आवाज मैदानावर फाटत गेला. फेली बाकावर चढून उभी होती, छत्री भाल्यासारखी रोखून. "अरे मेल्या, आत ये! रिंगखाली! जोविट, दे त्याला! दे म्हणते ना!"

सालुद तिचा झगा ओढत होती. "सांतो, टेर्यो! टेर्योला धरा!" तीही ओरडली. पण सांतो हसला. "जागा सोडू नका!" तो पोरांना म्हणाला. "ती देन्स्योची बायको आहे. फसवतेय! जोविटच!"

टेर्योला लहानपणापासून बाईमाणसाचं ऐकायची सवय. तो आत आला. चालतच आला, आणि येताना वाटेतल्या एकाला चक्क 'जरा जाऊ दे' म्हणाला. जोविटनं आवाजाच्या दिशेनं चेंडू खालून ढकलला. तो टेर्योच्या पोटाला लागून हातात आला. टेर्योनं इकडेतिकडे बघितलं, द्यायला कोणी आहे का म्हणून. कोणी नव्हतं. मग नाइलाजानं, हातातलं ओझं फळीवर ठेवावं तसा, त्यानं तो चेंडू वर टाकला.

चेंडू फळीला लागला, रिंगवर बसला, थोडा विचार केला आणि आत पडला. बाईंनी घड्याळ वर धरलं, वेळ संपली.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी सांगितलं, देन्स्योला दिसलं नाही. तो खाली बसला होता. कपितान त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणत होता, "राहिलात, कोच, राहिलात! मास्तरांचं बघू पुढे कधीतरी. पण आमच्या जोविटनं चेंडू दिला, हे लोकांना नीट सांगा हं. मोठं मन लागतं त्याला."

दुसऱ्या दिवशी सण. सणाला कोण जिंकलं, कोण हरलं हे बघायचं नसतं. ज्याच्या घरी जाल त्यानं वाढायचं. प्रार्थना आटोपून सांतो आणि सालुद देन्स्योच्या घरी जेवायला आले. टेबलावर भाजलेलं डुक्कर, शेवया, केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात. देन्स्यो सकाळपासून फेलीची माफी कशी मागावी याच्या विचारात होता. लोकांसमोर की एकट्यात? जेवणाआधी की नंतर?

"नशीब तुमचं, साडूभाऊ," सांतो म्हणाला. जर्सी अजून अंगात होती आणि पोत्यासारखी लोंबत होती. "आम्हाला तर पक्की खबर होती, आंबा. मग हा चिकू कुठून काढलात?"

देन्स्योचा चमचा थांबला. "आंब्याची खबर कुठून?"

"सालुदकडून."

"आणि सालुदला?"

"मी सांगितलं," फेली म्हणाली. तिनं शेवयांचं भांडं खाली ठेवलं. "जोविट दुकानात बसून सगळं बोलला. शेवटचा चेंडू माझा, नांग फेली, आंबा आहे, म्हणाला. ते मी सांगितलं."

"पण मी तुला चिकू सांगितला होता!"

"चिकू खोटा होता. पोरांना माहीत नाही ती चाल खरी कशी? आणि तू वाटीत बघून बोलत होतास. माझ्या बहिणीला मी आजवर एक शब्द खोटा सांगितलेला नाही. तू माझ्या तोंडून सांगायला निघालास." तिनं डाव शेवयांत खुपसला. "दुकानात बसून थोडी रडले. मग साबणाला गिऱ्हाईक आलं."

"मग काल तो रुमाल?"

"लाज वाटत होती मला. तू एवढासा होऊन उभा होतास, आणि मी आंबा सांगून बसले होते."

सांतोनं हळूच डुकराच्या भाजक्या कातडीचा एक तुकडा उचलला. देन्स्यो म्हणाला, "फेली, चुकलं माझं. पण तूही दरवर्षी..."

"दरवर्षी सांगते. सालुदही मला सांगते."

सांतोच्या हातातला तुकडा ताटात पडला. "काय सांगते?"

"तुमचं सगळं," सालुद म्हणाली आणि चिकट भाताचं पान सोडलं. "कोण कुणावर, कुठून कधी. बहिणीशी काय चोरून बोलायचं?"

देन्स्यो उठून उभा राहिला. "म्हणजे इतकी वर्षं... यांच्या चाली तुला माहीत होत्या? मग मला का नाही सांगितल्या?"

"तू विचारलंस कधी? सांतो रोज सकाळी सालुदला विचारतो, काय खबर? तू लीगच्या महिन्यात माझ्याशी बोलतोस तरी का? टेप चावत बसतोस."

दोन्ही कोच एकमेकांकडे बघत राहिले. एकाला वाटत होतं, आपण एकटेच शहाणे होतो. दुसऱ्याला वाटत होतं, आपण एकटेच मूर्ख होतो. दोघांचाही हिशेब एकदम चुकला होता. बहिणी रिकामं भांडं उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांचा खालचा आवाज यायला लागला. शब्द कळेनात.

"काय बोलत असतील?" सांतोनं कुजबुजत विचारलं.

"पुढच्या वर्षीचं?" देन्स्यो म्हणाला. गळ्याकडे हात गेला, पण टेप दुकानात होती. तो दाराशी गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी आत डोकावून म्हणाला, "फेली, मी विचारतो हं. पुढच्या वर्षी सांतो..."

"आधी ती ताटं उचलून आण," दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

देन्स्यो ताटं गोळा करू लागला. सांतोही उठला आणि वाट्या गोळा करू लागला. दोघंही एकदमच दाराशी पोचले, आणि आधी आत कोणी जायचं यावर तिथेच अडून बसले.